कामावर पाठ मोडली तर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाठीच्या आणि मणक्याच्या दुखापतींबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. अंगठा तुटला तर भरपाईच्या कायद्यातल्या अनुसूचीत ३० टक्के असं छापलेलं आहे. पाठीला असा छापील टक्का नाही. तो डॉक्टरांचा अभिप्राय आणि पुरावा यांवरून ठरवावा लागतो, आणि कामगाराचं नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं.

कायद्याबद्दल आधी एक खुलासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा तिच्यात सामावला गेला. खालच्या पत्रांमधले सगळे अपघात त्याआधीचे आहेत. हक्क अपघाताच्या दिवशी निर्माण होतो, त्यामुळे उत्तरं १९२३ च्या कायद्याप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न : वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, वय ४८. माथाडी मंडळात नोंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ५० किलोचं पोतं पाठीवर घेऊन वळताना कंबरेत जोराची कळ आली आणि ते खालीच बसले. एमआरआयमध्ये एल४-एल५ ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) चकती सरकून नस दाबल्याचं दिसलं, पण त्याच रिपोर्टात 'झीज' असंही लिहिलंय. व्यापारी म्हणतात, ते पडले नाहीत, काही अंगावर कोसळलं नाही, मग अपघात कसला? (एक वाचक, पुणे)

अपघात होण्यासाठी पडावंच लागतं असं नाही. रोजचंच काम करताना, रोजच्याच जोराने, शरीरात अचानक काही तुटलं किंवा सरकलं तरी तो अपघातच. हे तत्त्व फार जुनं आहे. फेंटन विरुद्ध थॉर्ली या खटल्यात यंत्राचं अडकलेलं चाक फिरवताना ताण बसून अंतर्गळ झालेल्या कामगाराचा दावा इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०३ मध्ये मान्य केला. आपला १९२३ चा कायदा त्याच घडणीचा आहे. दुखापत कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढं दाखवायचं असतं.

'झीज' या शब्दाने घाबरू नका. अठ्ठेचाळिशीतल्या माणसाच्या कंबरेचा एमआरआय काढला की चकत्या सुकल्याचं दिसतंच, कधी काही दुखलं नसलं तरी. प्रश्न एवढाच की झीज असतानाही जो माणूस आदल्या दिवसापर्यंत पोती वाहत होता, तो त्या दिवसानंतर का वाहू शकला नाही. काम हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, पण त्या दुखापतीत कामाच्या ताणाचा ठोस वाटा असायला हवा.

यासाठी सगळ्यांत आधी पहिल्या दिवसाचा केसपेपर बघा. दवाखान्यात घाईत विचारतात, "कधीपासून दुखतंय?" माणूस खरं सांगतो, "दोन महिने थोडं दुखतच होतं, आज पोतं उचलताना कळ आली." कागदावर उतरतं फक्त 'दोन महिन्यांपासून कंबरदुखी'. पोतं गायब, तारीख गायब. दोन वर्षांनी उलटतपासणीत हीच ओळ वाचून दाखवली जाते. तुमच्याकडच्या पेपरवर असं झालं असेल तर त्यात स्वतः काही खाडाखोड करू नका. त्याच डॉक्टरांकडे जाऊन पुढच्या तपासणीच्या नोंदीत घटनेची हकिकत, तारीख आणि वजनासह लिहून घ्या. टोळीतल्या दोघांचे जबाब आणि त्या दिवशीची टोळीची हजेरी व कामाची नोंदही जपा.

आता दावा कोणावर? माथाडी कायदा, १९६९ च्या कलम १८ प्रमाणे नोंदीत कामगाराची मजुरी मंडळ देत असेल तर भरपाईच्या कायद्यापुरतं मंडळच मालक. मजुरी थेट व्यापाऱ्याकडून मिळत असेल तर व्यापारी. नोटीस दोघांनाही द्या. तिला वकिली भाषा लागत नाही. नाव, पत्ता, दुखापत कशाने झाली आणि कोणत्या तारखेला, हे साध्या मराठीत लिहून पोचपावतीसह पोस्टाने पाठवायचं. कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे दावा अपघातापासून २ वर्षांच्या आत दाखल व्हायला हवा. बहुतेक शहरांत हे काम कामगार न्यायालयात चालतं. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर थांबू नका.

घरी बसलेल्या काळाचे पैसे वेगळे असतात. दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ५ वर्षं. अपंगत्व २८ दिवस किंवा त्याहून जास्त टिकलं तर ते पहिल्या दिवसापासून मोजतात. त्याहून कमी टिकलं तर पहिले ३ दिवस वगळले जातात.

प्रश्न : भाऊ सेंट्रिंगचं काम करायचा. मार्च २०२४ मध्ये परांचीवरून पडला, तेव्हा वय ३४ पूर्ण. एल१ मणका फुटला, स्क्रू आणि रॉड टाकले. सिव्हिल हॉस्पिटलने ४० टक्के अपंगत्वाचा दाखला दिलाय. विमा कंपनीचे वकील ४० टक्क्यांचाच हिशोब करतात. ठेकेदार म्हणतो ऑपरेशनचे १,६०,००० वजा करणार, आणि बेल्ट लावला नव्हता म्हणून चूक भावाचीच. हजेरी ७०० रुपये होती. (एक वाचक, नाशिक)

आधी आकडे समोर ठेवू. ७०० रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे १८,२०० होतात, पण ३ जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी मासिक मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात. तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. तो चौथ्या अनुसूचीत आहे, ३४ वर्षांना १९९.४०. गुणाकार १७,९४,६००. ही कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. ४० टक्के धरले तर ७,१७,८४०. फरक १०,७६,७६० रुपयांचा, आणि तो सगळा एका शब्दाच्या अर्थावर टांगलेला आहे.

सिव्हिलचा दाखला शरीराचं अपंगत्व मोजतो. कायदा भरपाई देतो ती कमाईची क्षमता किती गेली त्याची. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीत, म्हणजे पाठीच्या प्रत्येक दुखापतीत, पात्र डॉक्टराने कमाईच्या क्षमतेचं नुकसान किती ते सांगायचं असतं. शरीराचे ४० टक्के म्हणजे कमाईचेही ४० टक्के, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून आयुक्तांनी कमाईचं नुकसान १०० टक्के धरलं आणि डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा उचलाव्या लागतात, बल्ल्या खांद्यावर घ्याव्या लागतात, वाकून खिळे मारावे लागतात, उंचावर चढावं लागतं. पाठीत रॉड असलेला माणूस यातलं काय करू शकतो?

म्हणून ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जा आणि त्यांना टक्का विचारण्याआधी काम विचारा. किती किलो उचलता येईल? सलग किती वेळ उभं राहता येईल? वाकणं, शिडी चढणं जमेल का? पायात ताकद, संवेदना, लघवीवर ताबा कसा आहे? हे सगळं अभिप्रायात लिहून मागा आणि शेवटी 'सेंट्रिंगच्या कामासाठी कमाईच्या क्षमतेचं नुकसान' अशी स्पष्ट ओळ मागा. डॉक्टर साक्षीला यायला तयार आहेत का, तेही आत्ताच विचारून ठेवा. दाखला फाइलला लावला पण डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत, मग समोरचे म्हणणार हा कागद सिद्धच झालेला नाही. अशा वेळी चांगले दावे कमी टक्क्यांवर उतरतात.

समोरून 'वॉचमनचं काम करता येईल' हा मुद्दा येणारच. आमचं मत असं की संपूर्ण अपंगत्वाची व्याख्या अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता त्यांवर बेतलेली आहे, तेव्हा दावा १०० टक्क्यांचाच करावा. मात्र आयुक्त पुरावा पाहून मधला आकडाही धरू शकतात, हे मनात असू द्या.

ऑपरेशनचे १,६०,००० वजा होणार नाहीत. उपचारावर मालकाने केलेला खर्च कायद्याने भरपाई मानला जात नाही. उलट उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा आहे, म्हणून तुमच्या खिशातून गेलेली औषधं, बेल्ट, फिजिओथेरपी यांची बिलंही दाव्यात लावा. सेफ्टी बेल्टचं म्हणाल तर निष्काळजीपणा पुरेसा ठरत नाही. सुरक्षेचा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला असं मालकाने सिद्ध करावं लागतं, आणि अपंगत्व कायमचं व संपूर्ण असेल तर तो बचावही चालत नाही. साइटवर बेल्ट खरंच दिले होते का, अडकवायला दोर होता का, हे विचारायला तुमच्या वकिलांना सांगा.

दावा ठेकेदारावर आणि बिल्डरवरही लावा. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालक कलम १२ ने जबाबदार असतो. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करील. हजेरीचा पुरावा म्हणून मुकादमाच्या डायरीच्या पानांचे फोटो, फोनवर आलेले पैसे, साइटच्या गेटवरची नोंद, जे मिळेल ते गोळा करा.

रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्याभरात दिली नाही तर सरळव्याजाने १२ टक्के, आणि उशिराला कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. १७,९४,६०० वर वर्षाचं व्याजच २,१५,३५२ होतं. तडजोडीला बसताना हा आकडा जवळ ठेवा. आणि दावा अजून दाखल नसेल तर मार्च २०२६ ही २ वर्षांची मुदत आहे.

प्रश्न : मी साइट सुपरवायझर आहे. माणूस उंचावरून पडला तर पहिल्या काही मिनिटांत काय करावं? (एक वाचक, ठाणे)

हात-पाय धरून उचलायचं नाही, पाणी पाजायचं नाही, जीपच्या सीटवर बसवून न्यायचं नाही. फुटलेल्या मणक्याचा तुकडा अशा उचलण्याने मज्जारज्जूत घुसू शकतो आणि पाय हलवणारा माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. आग किंवा वरून काही कोसळण्याचा धोका नसेल तर आहे तिथेच ठेवा आणि १०८ ला फोन करा. एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवायचं. हलवणं भागच असेल तर डोक्याशी एक आणि बाजूला तिघं असे चौघं लागतात. डोक्याशी असलेला मोजतो आणि त्याच्या शब्दावर सगळं अंग ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं, मान आणि कंबर वेगवेगळी फिरता कामा नये. पाठीखाली सपाट फळी सरकवायची. प्लायवूड साइटवर असतंच.

दुसरं लक्षात ठेवा. पाठीला मार लागल्यावर किंवा वजन उचलल्यावर लघवी अडकली, दोन्ही मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर सकाळपर्यंत थांबू नका. शेपटीकडच्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असतात आणि ऑपरेशन लगेच व्हावं लागतं. मालीश तर मुळीच नको.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात कामाला आहे, वय २९, पगार १९,५००, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये डाय सरकवताना पाठीत लचक भरली, चकती सरकली. एचआर म्हणतं आजारपणाची रजा घे, पैसे ईएसआयकडून मिळतातच. वेगळा भरपाईचा दावा करता येईल का? (एक वाचक, पुणे जिल्हा)

वेगळा दावा करता येणार नाही. ईएसआय लागू असेल तर ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे १९२३ च्या कायद्याचा रस्ता बंद. पण 'आजारपण' लिहू देऊ नका. आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या ७० टक्के आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कामावरच्या दुखापतीचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के, आणि डॉक्टर अपंगत्व आहे म्हणतील तोवर. सरासरी रोज ७०० असेल तर एकीकडे ४९० आणि दुसरीकडे ६३०. कायमचं काही राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्का ठरवतं आणि त्या प्रमाणात जन्मभर रक्कम मिळते. २० टक्के ठरले तर याच पगारावर रोजचे १२६. आजारपणाच्या नोंदीने हे दार उघडतच नाही.

कारखान्याने अपघात वहीत (नमुना ११) नोंद करून नमुना १२ चा अपघात अहवाल पाठवायला हवा. ते टाळत असतील तर तुम्ही स्वतः लेखी सूचना द्या. एक प्रत कारखान्याला, एक ईएसआयच्या शाखा कार्यालयाला, दोन्हींवर पोच घ्या. दवाखान्यातल्या पहिल्या प्रमाणपत्रावर 'कामावरील दुखापत' असं आहे ना, ते तिथेच उभ्या उभ्या वाचून बघा. आधीच आजारपण लागलं असेल तर अपघाताचा पुरावा जोडून दुरुस्तीसाठी शाखा कार्यालयात अर्ज करा. हा लाभ चालू असेपर्यंत मालक कामावरून काढू शकत नाही.

प्रश्न : पती २२ वर्षं ट्रक चालवतात. हळूहळू कंबर गेली, डॉक्टर स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) म्हणतात. भरपाई मिळेल? (एक वाचक, सोलापूर)

कठीण आहे, आणि खोटी आशा देणं बरं नाही. कामामुळे होणाऱ्या रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत स्पॉन्डिलोसिस किंवा चकती सरकणं यांची नावं नाहीत, आणि सावकाश झालेल्या झिजेला अपघाताची तारीख नसते. मात्र एखाद्या विशिष्ट दिवशी, म्हणजे ट्रक खड्ड्यात आदळल्यावर किंवा स्टेपनी उतरवताना, दुखणं अचानक वाढून गाडी चालवणं बंद झालं असेल, त्या दिवशी मालकाला फोन किंवा मेसेज गेला असेल आणि दवाखान्याचा कागद असेल, तर त्या दिवसाच्या दुखापतीचा दावा होऊ शकतो. जुने मेसेज तपासा.

प्रश्न : आमच्या गावातली ३१ वर्षांची बाई नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊसतोडीला, सांगली जिल्ह्यात गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पडली, मणका मोडला. मुकादमाने ४०,००० देऊन ५०० च्या स्टॅम्पवर अंगठा घेतला की आता काही मागणार नाही. उरलेली उचलही (आगाऊ दिलेले पैसे) तो तिच्याकडूनच मागतोय. (एक वाचक, बीड)

त्या स्टॅम्पला किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार कलम १७ ने रद्दबातल आहे. शिवाय कलम ८ प्रमाणे स्त्रीला द्यायची एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. थेट हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. उचलही भरपाईतून वळती करता येत नाही, कलम ९ ने त्या रकमेवर जप्ती नाही आणि वजावटही नाही.

दावा सांगलीलाच करायला हवा असं नाही. ती राहते तिथे, म्हणजे बीडमध्येही करता येतो. यंत्रावर चालणाऱ्या वाहनाची भराई-उतराई दुसऱ्या अनुसूचीत स्पष्ट आहे, तेव्हा 'ही शेतमजूर, तिला कायदा लागत नाही' असं म्हणू देऊ नका. ती त्या क्षणी ट्रक भरत होती, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा. मुकादम, ट्रकमालक आणि साखर कारखाना तिघांनाही पक्षकार करा आणि ट्रकची विमा पॉलिसी मागवा. कारखाना 'अपघात आमच्या ताब्यातल्या जागेत झाला नाही' असं म्हणेल. कलम १२ मध्ये तशी अट आहे, त्यामुळे फक्त कारखान्यावर विसंबू नका.

मजुरी सिद्ध करणं इथे सगळ्यांत अवघड जातं, कारण हिशोब कोयत्याचा, म्हणजे दोघांचा मिळून, आणि तोही नवऱ्याच्या नावावर. खेपांच्या वजनपावत्या, टनाचा दर आणि किती दिवस तोड चालली, यावरून जोडीची कमाई काढा आणि निम्मी तिची म्हणून मांडा. टोळीतल्या दुसऱ्या एखाद्या बाईची साक्ष यासाठी फार उपयोगी पडते.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. जाताना आधार कार्ड, सांगलीच्या दवाखान्याचा पहिला केसपेपर, एक्स-रे आणि त्या स्टॅम्पची प्रत घेऊन जा. तिची २ वर्षांची मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपते.